नुसतं ‘चांगलं’

निवृत्त झालो तेव्हा कॉलेजनं माझ्याकडून कपाटाच्या किल्ल्या घेतल्या, ग्रंथालयाचं कार्ड घेतलं, प्रयोगशाळेतलं माझं स्टूल दुसऱ्या कुणाला तरी दिलं. एक काम मात्र माझ्याकडेच राहिलं. मानपत्रं लिहायचं. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, भाषेशी माझा संबंध वाचण्यापुरता, पण भाषेचे शिक्षक एकदा ऐन कार्यक्रमाच्या आठवड्यात आजारी पडले आणि प्राचार्यांनी मला व्हरांड्यात गाठून म्हटलं, “तुम्ही पुस्तकं वाचता ना, मग तुम्हीच लिहा.” नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. तेव्हापासून कुणी निवृत्त झालं, कुणाला पदवी मिळाली, कुणी नुसतंच पन्नास वर्षांचं झालं, तरी कागद माझ्याकडे येत राहिले.

हे काम अवघड नाही हे मला लवकर कळलं. माणूस फारसा ओळखीचा नसला तर अगदीच सोपं. ‘ज्ञानतपस्वी’, ‘विद्यार्थिप्रिय’, ‘अध्यापनाचा वसा घेतलेले’ हे शब्द ठरलेल्या जागी बसवायचे, मध्ये शिक्षण कुठे झालं ते घालायचं, शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं. एकदा घाईत एकाच महिन्यात मी दोघांना तोच मजकूर पाठवला, नावं तेवढी बदलून. दोघांचेही फोन आले. “सर, तुम्ही मला बरोबर ओळखलंत,” असं दोघंही म्हणाले. बायको हे ऐकून पोट धरून हसली. मी हसलो नाही, पण पुढचं मानपत्रही तसंच लिहिलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष कुणाला द्यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायला बसलो की गाडी याच कागदांपाशी येऊन थांबते.

तिला मुलं ‘कशावरून मॅडम’ म्हणतात. कुणी काहीही सांगितलं की ती पहिला प्रश्न तोच विचारते, म्हणून. ती माझीच विद्यार्थिनी. तीन वर्षं माझ्या वर्गात होती, मग दोन वर्षं बाहेर शिकून आली आणि गेली बारा वर्षं आमच्याच कॉलेजात शिकवते आहे, तासांवर. म्हणजे वर्ग भरले तर नोकरी, सुट्टी लागली की घरी, आणि दर वर्षी नव्यानं अर्ज. मी निवृत्त झालो तरी ती अधूनमधून यायची. एखादं उपकरण बिघडलं, एखादं जुनं पुस्तक हवं असलं, असं काही निमित्त असायचं.

त्या रविवारी सकाळी आली तेव्हा हातात काहीच नव्हतं. दार बायकोनं उघडलं.

“ये गं. आज काय बिघडलं?”

“बिघडलं नाही, काकू. सरांकडे मागणं आहे.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. चहा आला तरी कपाला हात लावला नाही.

“सर, उत्कृष्ट अध्यापक सन्मानासाठी माझा अर्ज गेलाय.”

“छान झालं.”

“छान काय त्यात? मला सन्मान नकोय, नोकरी हवीय.” मग तिनं सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं, एकेक पायरी. विभागात यंदा एक कायम जागा निघाली होती. नियामक मंडळानं असा ठराव केला होता की तासांवरच्या शिक्षकाला हा सन्मान मिळाला तर त्याला मुलाखतीशिवाय त्या जागेवर घ्यायचं. नाही मिळाला तर जागा नेहमीसारखी जाहिरातीला जाईल. आणि जाहिरात निघेपर्यंत हिचं वय बसणार नव्हतं. मर्यादा वर्षअखेरीला संपत होती.

“मुलाखत आधी होऊ शकणार नाही का?” मी विचारलं.

“तीन मुलाखती झाल्या, सर. तिन्ही वेळा मला उत्तम म्हणाले आणि घेतलं दुसऱ्यांना. चौथ्यांदा उत्तम म्हणवून घ्यायला माझं वय राहणार नाही.”

अर्जासोबत एका ज्येष्ठ शिक्षकाचं गोपनीय पत्र लागत होतं. उमेदवाराचं शिकवणं ज्यानं पाहिलंय अशा माणसाचं. ते समितीकडे थेट पाठवायचं, उमेदवारानं पाहायचं नाही.

“माझ्या शब्दाला कोण विचारतंय आता?” मी म्हणालो. मला तसं खरंच वाटत होतं.

“तुमची मानपत्रं लोक फ्रेम करून लावतात, सर.”

“भिंतीला ओल आली की लावतात गं,” बायको आतून म्हणाली.

ती हसली आणि मग पहिल्यांदा कप उचलला. मी म्हटलं, लिहितो, पण न पाहता लिहिणार नाही. तुझ्या एका तासाला बसू दे.

“या की. फक्त मागच्या बाकावर बसा. समोर बसलात तर मी अजून तुमची विद्यार्थिनीच आहे असं वाटायला लागेल.”

पुढच्या मंगळवारी गेलो. दोन जिने चढून प्रयोगशाळा. टेबलांवरचे जळके डाग होते तिथेच होते, पंखा तसाच कण्हत होता. पहिल्या वर्षाचा वर्ग, लंबकाचा प्रयोग. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोके मोजायचे, वेळ घ्यायची आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा. पुस्तकात तो ९.८ दिलेला असतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधीच पाठ असतो. म्हणून मुलं उलट दिशेनं येतात; आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं. माझ्या काळात असल्या शेकडो वह्यांवर मी बरोबरची खूण केली आहे. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण चाळीस वह्या असत आणि घंटा होत आलेली असे.

चष्मा लावलेली एक मुलगी वही घेऊन मॅडमच्या टेबलाशी आली.

“किती आलं?”

“नऊ पॉइंट आठ, मॅडम.”

“कशावरून?”

वर्गात खसखस पिकली. मुलगी गोंधळली. “प्रयोगावरूनच.”

“या घड्याळावर?” तिनं टेबलावरचं स्टॉपवॉच उचलून मुलीच्या हातात दिलं आणि मनगटातलं स्वतःचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. “दोन्ही एकदम सुरू कर. पाच मिनिटं बघ.”

मॅडमनं तोवर दुसऱ्या टेबलावर जाऊन कुणाचा तरी दोरा सरळ केला, परत आली. मुलगी दोन्ही घड्याळांवर वाकलेली. तोवर आजूबाजूची चारपाच डोकी जमली होती.

“हे स्टॉपवॉच पुढे पळतंय,” मुलगी म्हणाली. “पावणेचार सेकंद.”

“मग यानं मोजल्यावर झोक्याची वेळ जास्त येईल की कमी?”

“जास्त.” ती थांबली. “आणि उत्तर कमी.”

“मग नऊ पॉइंट आठ कुठून आणलंस?”

मुलीनं खाली पाहिलं. “पुस्तकातून.”

“पुस्तकातून आणायचं तर दोन जिने कशाला चढलीस? ग्रंथालय खालीच आहे.”

सगळे हसले, ती मुलगीही. मग मॅडम आवाज उतरवून म्हणाली, “आता तुला काय दिसलं ते लिही. कमी आलं तर कमी लिही. आणि शेजारी लिही की घड्याळ पुढे पळतं, आणि ते तुला कसं कळलं.”

मुलीनं सगळं पुन्हा केलं. साडेनऊच्या आसपास आलं. चुकीच्या आकड्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. ती तो आकडा शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवत होती.

नंतर कळलं की ते घड्याळ दुरुस्तीला द्यायचं म्हणून ऑफिसनं तीन वेळा मागितलं होतं आणि तिनं तीन वेळा लपवून ठेवलं होतं. जिना उतरताना दोन मुलं माझ्यापुढे चालली होती. एक दुसऱ्याला सांगत होता, “बरोबर उत्तर आलं तरी मार्क कापते यार ही बाई.” हेही मी ऐकलं आणि हेही मला खरंच वाटलं.

घरी आलो आणि पत्र लिहायला बसलो. चार दिवस लिहिलं आणि दहा दिवस खोडलं.

‘ज्ञानतपस्वी’ हा शब्द पहिल्याच दिवशी कागदावर आला, हातालाच सवय. मी तो खोडला. तो शब्द मी कुणाकुणाला दिला होता? एका अशाला, ज्यानं नोकरीला लागल्यापासून पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक उघडलं नव्हतं. एका अशाला, जो परीक्षेच्या वह्या पुतण्याकडून तपासून घ्यायचा. वापरून वापरून बुळबुळीत झालेले ते शब्द तिला द्यायची मला लाज वाटली. ‘विद्यार्थिप्रिय’ खोडला, कारण तो खराही नव्हता. ‘अतुलनीय’ खोडला, तुलना केल्याशिवाय तसं कसं म्हणणार? मग ठरवलं, की ज्या गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या तेवढ्याच लिहायच्या. मुलांच्या तक्रारीही लिहायच्या, कारण ज्याच्यात काहीच उणं नाही अशा माणसाबद्दलच्या पत्रावर शहाणा वाचणारा विश्वास ठेवत नाही. मी तरी ठेवला नसता.

शेवटी जे उरलं ते असं:

‘यांना मी सतरा वर्षं ओळखतो. यांचा एक पूर्ण तास मी मागे बसून पाहिला. त्या चांगलं शिकवतात. विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेलंच लिहावं असा त्यांचा आग्रह असतो आणि तो त्या पाळून घेतात. सुरुवातीचे दोन महिने त्या विद्यार्थ्यांना अवघड वाटतात व तशा तक्रारीही येतात. पुढे तक्रारी कमी होतात. त्यांच्या नेमणुकीची मी शिफारस करतो.’

आधी यात आणखी एक वाक्य होतं. ‘इतक्या वर्षांत मला स्वतःला असं शिकवता आलं नाही.’ ते मी लिहिलं होतं आणि ते त्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य होतं. पण पत्र तिच्याबद्दलचं, त्यात माझं रडगाणं कशाला, वाचणारे म्हणतील म्हाताऱ्याला अजून स्वतःचंच पडलंय. म्हणून शेवटच्या दिवशी काढलं.

बायकोनं पत्र हातात घेतलं आणि उलटून मागची बाजू पाहिली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“अहो, नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज केला होता तेव्हा याच्या दुप्पट लिहिलं होतंत.”

“यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.”

“असेल हो. पण तुम्हाला तिचं कौतुक आहे हे कुठे लिहिलंय?”

“‘चांगलं शिकवतात’ लिहिलंय ना. मी कुणाला चांगलं म्हणतो कधी?”

“ते मला माहितीय. समितीचा संसार झालाय का तुमच्याशी?” ती चष्मा काढत म्हणाली. “चार बरे शब्द घाला. तुमच्याकडे पोतं भरून आहेत.”

मी घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाकीट बंद केलं आणि स्वतः जाऊन ऑफिसात दिलं. परत येताना मला बरं वाटत होतं. इतकं, की मी वाटेत एका बाकावर थोडा वेळ बसलो. आयुष्यात एकदा तरी एखाद्याबद्दल नेमकं लिहिलं, असं वाटत होतं.

सात आठवड्यांनी प्राचार्यांचा फोन आला.

“सर, एक मानपत्र हवंय. सन्मानाचं ठरलं.”

“हो, हो,” मी म्हणालो. माझ्या डोक्यात पहिलं वाक्य तयारही झालं होतं. “तिचं मी आनंदानं लिहीन.”

“तिचं नाही, सर. आपल्या पडदेवाल्यांचं.”

पडदेवाले म्हणजे आमच्याच विभागातले एक. खोलीत अंधार करून, पडद्यावर चित्रं आणि मुद्दे टाकून शिकवतात, म्हणून ते नाव. माणूस वाईट नाही. हसतमुख आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, मुद्दे सगळ्यांना आधीच पाठवून देतो, त्यामुळे वर्गात न येणारी मुलंही त्याच्यावर खूश. त्याला कायम होऊन वीस वर्षं झाली होती. सन्मान मिळाला काय, न मिळाला काय, त्याच्या ताटात काही कमीजास्त होणार नव्हतं.

मी फोन ठेवला आणि तसाच कपडे बदलून कॉलेजात गेलो. प्राचार्यांकडे जायचा धीर होईना, म्हणून हेडक्लार्ककडे गेलो. तो माझ्याबरोबरच कॉलेजात लागला होता, त्याचं निवृत्तीचं वर्ष हेच. समितीच्या बैठकीत इतिवृत्त लिहायला तोच बसतो.

“या, कवी,” तो म्हणाला. मानपत्रांमुळे तो मला कवी म्हणतो. “तुमची वाटच बघत होतो. तुम्ही असं का केलंत हो?”

“मी काय केलं?”

“शेवटी दोघंच उरले होते, ती आणि पडदा. मुलांनी दिलेले गुण सारखेच. मग पत्रं काढली. तुमचं वाचलं, तर अध्यक्ष म्हणाले, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. तर म्हणाले, हे सर आपल्या शिपायाच्या निरोपालासुद्धा ‘कर्मयोगी’ लिहितात. शब्दांना कंजूस माणूस नाही. आणि इथे, स्वतःच्या विद्यार्थिनीसाठी, नुसतं ‘चांगलं शिकवतात’. समजायचं ते समजा.”

“काय समजायचं?”

“हेच, की तुम्हाला नाही म्हणता येत नाही म्हणून लिहिलंत, आणि शब्द राखून आम्हाला इशारा दिलात. त्यात परत तक्रारी येतात म्हणून तुम्हीच लिहिलेलं. त्याखाली त्यांनी रेघ मारली. बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, वाचायला तर सरळ वाटतंय. तर सगळे हसले. म्हणाले, तुम्ही आमच्या सरांची मानपत्रं वाचली नाहीत.”

मी विचारलं, “आणि पडद्याचं पत्र कुणाचं होतं?”

हेडक्लार्कनं स्टेपलर उघडून पिना भरायला घेतल्या. त्यात बराच वेळ काढला.

“त्याला पत्र कुणी वेळेवर दिलंच नाही,” तो म्हणाला. “मग त्यानं त्याच्या पन्नाशीचं मानपत्र जोडलं. तुमचंच.”

ते मी एका दुपारी लिहिलं होतं. ‘अध्यापन हा ज्यांचा श्वास आहे.’ ते वाक्य मला आठवलं, कारण ते लिहिताना मी जांभई दिली होती.

मग मात्र मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो. उभ्याउभ्याच म्हणालो, समितीचा समज चुकीचा झालाय, मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं. ते सज्जन आहेत आणि माझ्याशी नेहमी आदरानं वागतात.

“तुम्हाला काय म्हणायचं होतं, सर?”

“की ती फार चांगली शिक्षिका आहे. आपल्याकडे तशी दुसरी नाही.”

“मग तसं लिहायचं होतंत.”

“तसंच लिहिलंय.”

“तुम्ही जे लिहिलंय तेच आम्ही वाचलं ना, सर.” ते वैतागले नव्हते, खरंच कोड्यात पडले होते. “आता ठराव झाला, नावं वर गेली. आता तुम्ही नवीन पत्र दिलंत तर लोक म्हणतील तिनं येऊन गळ घातली. तिचीच बदनामी होईल. नाही का?”

मी म्हटलं, हो, तेही खरं. मला लगेच तेही खरं वाटलं. माझं हे असंच होतं. समोरच्यानं काही म्हटलं की त्याची बाजू मला माझ्यापेक्षा आधी दिसते. त्यावर एखादा टेबलावर हात आपटून बोलला असता. मी पाणी पिऊन उठलो.

“आणि ते मानपत्र तेवढं गुरुवारपर्यंत,” ते दारापर्यंत सोडायला येत म्हणाले.

दिलं. अर्ध्या तासात झालं. कुठे अडलो नाही, कुठे खोडलं नाही.

ती आली त्यानंतर महिन्याभरानं. पुढच्या सत्रात तिच्या नावापुढे एकही तास नव्हता. कायम जागा जाहिरातीला गेली होती आणि तोवर तिचे वर्ग पडदेवाल्यांकडे सोपवले होते. बायको तिच्या पाठीवर हात ठेवून आत गेली. ती जाता जाता माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत गेली, ती मी इथे लिहीत नाही.

“मी पत्र वाचलं, सर,” ती म्हणाली. “हेडक्लार्कनी दाखवलं. दाखवायचं नसतं, पण त्यांना वाईट वाटलं होतं.”

मी काहीतरी बोलायला लागलो. मानपत्रांचं, शब्दांचं, त्या काढलेल्या वाक्याचं. नीट बोलता येत नव्हतं. काढलेलं वाक्य मात्र मी तिला पूर्ण सांगितलं.

तिनं ते ऐकून घेतलं.

“सर, मला ते नसतं तरी कळलं होतं. तीन वर्षांत तुम्ही वर्गात एकालाही ‘चांगलं’ म्हणाला नाहीत. मी ती ओळ वाचली आणि तिथे ऑफिसात स्टुलावर बसूनच राहिले. इतकं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.” “पण मला कळून काय उपयोग? मी समितीत नव्हते.”

“चूक माझी आहे.”

“असेल.” तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मला आधार वाटला, सगळे माझी समजूत घालत होते तेव्हा वाटला नव्हता. “एक सांगू का, सर? राग येणार असेल तर येऊ दे. पत्र माझ्यासाठी होतं, पण लिहिताना तुम्ही स्वतःकडे बघत होतात. आपल्या हातून एकदा तरी खोटं लिहिलं जाऊ नये, असं. ती हौस तुम्ही माझ्या अर्जावर भागवलीत. इतक्या जणांसाठी खोटं लिहिलंत, त्यात मी एक जड झाले नसते.”

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. बायको ऐकत होती.

नेमकं लिहिल्याचं ते समाधान, त्या बाकावरचं, ते कुणाचं होतं हे तिनं मला सांगितलं होतं, आणि मी इतक्या दिवसांत ते स्वतःला विचारलं नव्हतं.

“आता काय करणार?” मी विचारलं.

“क्लासेसमध्ये अर्ज करतेय. प्रवेशपरीक्षांचे. तिथे वय विचारत नाहीत.”

“तिथे काय शिकवायचं असतं?”

“चार पर्यायांतला बरोबर कुठला ते. न मोजता.” ती हसली नाही. पिशवीतून एक फोल्डर काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. “शिफारसपत्र लागतं. मी लिहूनच आणलंय. तुम्ही फक्त सही करा.”

छापील पत्र होतं. वरच्या दोन ओळी नजरेखालून गेल्या. ‘अध्यापनक्षेत्रातील तेजस्वी व्यक्तिमत्त्व’, ‘विद्यार्थ्यांच्या गळ्यातील ताईत’. माझेच शब्द होते, कुठल्या कुठल्या मानपत्रांतून वेचून आणलेले, नीट ओळीनं लावलेले. तिसऱ्या ओळीत ‘शंभर टक्के निकाल’ असं काहीतरी होतं. मी चष्मा सारखा करून पुढे वाचायला लागलो.

“वाचू नका, सर,” ती म्हणाली. “तुम्ही वाचलंत की खोडाल.”

“तसं नाही, पण हा निकालाचा आकडा...”

“सर.”

मी पेन घेतलं. पत्राच्या तळाशी माझं नाव, माझी पदवी, माझी सतरा वर्षं छापलेली होती. सही केली. तिनं वरचा कागद उचलून बाजूला ठेवला. खाली तसेच आणखी पाच होते, वेगवेगळ्या क्लासेसच्या नावांनी. मी करत गेलो. चौथ्या कागदापर्यंत सही सुटी, वाकडी, ओळखू न येणारी होऊ लागली होती. तिनं माझा हात थांबवला, तो कागद काढून घेतला आणि पिशवीतून त्याची दुसरी प्रत काढून समोर ठेवली.

“नीट करा, सर,” ती म्हणाली. “सहीवरून फोन करून विचारतात ते.”